उद्यानात जिओकॅश लपवायचाय? आधी अर्ज, मग डबा

माझा पहिला जिओकॅश, म्हणजे इतरांनी जीपीएसच्या मदतीने शोधायचा लपवलेला डबा (खेळाडू नुसतं ‘कॅश’ म्हणतात), जेमतेम अकरा दिवस टिकला. एका सार्वजनिक उद्यानात, बाकामागच्या झुडपात मी एक हिरवी डबी ठेवली होती. कुणाला विचारलं नव्हतं. खेळाच्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममधल्या ‘नियम वाचले आहेत, मान्य आहेत’ या चौकोनात मात्र बिनदिक्कत खूण केली होती. बाराव्या दिवशी एका शोधकाने नोंद टाकली : सापडला नाही. मी पाहायला गेलो तेव्हा तिथले माळीकाका पाइप गुंडाळत होते.

“काका, इथे एक हिरवी डबी होती...”

“ती तुमची होय!” काका म्हणाले. “कचऱ्यात गेली. पण त्याआधी साहेबांनी मला बोलावून घेतलं. झुडपात डबे कोण ठेवतं, तुझं लक्ष कुठे असतं, म्हणून. अर्धा तास उभा होतो.”

डबी गेल्याचं फारसं वाटलं नाही. लपवली मी आणि जाब काकांना द्यावा लागला, हे मात्र टोचलं. तेव्हापासून परवानगीकडे मी एवढ्याच नजरेने बघतो. उद्यानात काहीही ठेवलं की त्याबद्दल कुणाला ना कुणाला विचारणा होते. ‘ती मला करा’ असं आधीच लिहून देणं म्हणजे परवानगी मागणं. पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

खेळ आणि त्याचे दोन दरवाजे

ज्यांनी दोन-चार कॅश शोधलेत त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. जिओकॅशिंगमध्ये एक जण डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीचे जीपीएसच्या मदतीने तो शोधून आतल्या वहीत सही करतात. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि तोवर शंभरेक मीटरनी चुकणारी यंत्रं एकदम कामाची झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. त्या बादलीत इतर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाही होता. गंमत अशी की आजच्या नियमांत ती बादली दोनदा नापास होईल : जमीन खोदली म्हणून, आणि खाण्याची वस्तू ठेवली म्हणून.

नवख्यांची गफलत होते ती इथे. कॅश जाहीर होण्यासाठी दोन दरवाजे ओलांडावे लागतात आणि ते एकमेकांना जोडलेले नाहीत. एक दरवाजा खेळाचा. जिओकॅशिंग डॉट कॉमवर तुमची नोंद एक स्वयंसेवक रिव्ह्यूअर तपासतो. दुसरा दरवाजा जमिनीच्या मालकाचा. रिव्ह्यूअर जागेवर येत नाही, तुमच्या शब्दावर आणि नकाशावर विसंबतो. त्याने कॅश जाहीर केला म्हणजे उद्यानाने होकार दिला असं नाही. आणि उद्यानाने होकार दिला म्हणून रिव्ह्यूअर खेळाचे नियम वाकवणार नाही.

जमिनीचा ताबा कुणाकडे?

फाटक एक, कुंपण एक, म्हणजे मालकही एकच असेल असं गृहीत धरू नका. हिरवळ स्थानिक प्रशासनाची, मागची टेकडी वनखात्याची, तळ्याचा काठ पाणीपुरवठ्याचा आणि मधली जुनी कमान पुरातत्त्व खात्याची, असं सर्रास असतं. शिवाय देखभाल ठेकेदाराकडे किंवा एखाद्या संस्थेकडे दिलेली असू शकते. ठेकेदार गवत कापतो, परवानगी देऊ शकत नाही. फाटकावरच्या पाटीवर कार्यालयाचं नाव बहुधा असतं. तिथे जाऊन सरळ विचारा, “या जागेचा ताबा कुणाकडे आहे, आणि अशी परवानगी कोण देतं?” मालकी आणि ताबा हे वेगळे शब्द आहेत आणि कार्यालयात त्यांतला फरक लगेच कळतो.

रक्षकाचं “ठेवा की, कोण बघतंय” ही परवानगी नव्हे. ती त्याची माणुसकी झाली. त्याची पाळी संपली की ती संपते.

काही ठिकाणी जिओकॅशिंगसाठी ठरलेलं धोरणच असतं. ब्रिटनमध्ये जिओकॅशिंग असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन ही संघटना कोणत्या जमीनमालकाशी काय करार झालाय याची यादी ठेवते. अमेरिकेतल्या कित्येक राज्य उद्यानांचा स्वतःचा छापील फॉर्म आहे. खेळाच्या संकेतस्थळाच्या मदतविभागात प्रदेशवार धोरणांची विकीही आहे. आपल्या भागाचं पान आधी तिथे पाहा. तयार फॉर्म असताना स्वतःचं पत्र लिहीत बसण्यात अर्थ नाही.

पण बहुतेक उद्यानांत जिओकॅशबद्दल नियमच नसतो. नियम असतो तो बेवारस वस्तूंबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावलीत कोणतीही मालमत्ता २४ तासांपेक्षा जास्त वेळ देखरेखीविना सोडायला मनाई आहे. हा नियम कुणी खेळ डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही, तरी डब्याला तो चपखल लागू होतो, आणि तिथे डबा ठेवायचा तर उद्यानप्रमुखाची मंजुरी हवीच. तुमच्या उद्यानातही असंच एखादं कलम निघेल. ते आधी शोधून वाचा. अधिकाऱ्याने कलम दाखवल्यावर चेहरा पडण्यापेक्षा आपणच म्हणावं, “हे कलम मी वाचलंय, म्हणूनच लेखी परवानगी मागायला आलोय.”

खेळाच्या बाजूने जागा मोकळी आहे का?

हे अर्जाच्या आधी बघायचं, नाहीतर मिळवलेली परवानगी वाया जाते. दोन कॅशच्या प्रत्यक्ष डब्यांमध्ये, किंवा डब्यापर्यंत नेणाऱ्या प्रत्यक्ष टप्प्यांमध्ये, किमान १६१ मीटर अंतर लागतं. एक मैलाचा दहावा भाग, म्हणून तो विचित्र आकडा. नकाशावर जागा रिकामी दिसली तरी फसू नका. कोड्याच्या कॅशचा, म्हणजे कोडं सोडवल्यावरच जागा कळणाऱ्या कॅशचा, खरा डबा आणि अनेक टप्प्यांच्या कॅशचे मधले टप्पे नकाशावर दिसत नाहीत. आपली नोंद मसुदा म्हणून तयार करा आणि ही जागा मोकळी आहे का, एवढंच रिव्ह्यूअरला विचारा. ते सांगतात.

मसुद्याचा आणखी एक फायदा आहे. जाहीर होण्यापूर्वीच कॅशला ‘जीसी’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो अर्जात आणि डब्यावरच्या चिठ्ठीत घालता येतो, म्हणजे ‘ठेवणार आहोत’ ही हवेतली गोष्ट राहत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात : जमीन खोदायची नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, कशावर रंग किंवा खुणा करायच्या नाहीत. शाळा, लष्करी जागा, रेल्वेमार्ग, धरणं, विमानतळ यांच्याजवळ नको. आत खाद्यपदार्थ, चाकू, काडेपेटी, दारू नको. कॅश किमान तीन महिने टिकेल अशा तयारीनेच ठेवायचा. आणि देखभालीसाठी तुम्हाला तिथे पोचता आलं पाहिजे. सुट्टीत फिरायला गेलेल्या गावी डबा ठेवून यायची हौस दाबून टाका.

नकार का येतो

मी आजवर बऱ्याच कार्यालयांच्या बाकांवर बसलो आहे. नकार देणारे अधिकारी खेळाचे वैरी नसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी घडताना दिसत असतं, आणि ते आपल्या अर्जात कुठेच नसतं. म्हणून अर्जापूर्वी त्यांच्या खुर्चीत बसून पाहावं.

पहिली भीती संशयास्पद वस्तूची. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी या गावात एका जिओकॅशला स्फोटक समजून रस्ता मोकळा करण्यात आला आणि लष्कराच्या पथकाने ती डबी उडवून दिली. झुडपाजवळ वाकून इकडेतिकडे बघत काहीतरी ठेवणारा माणूस पाहिला तर कुणीही फोन उचलेल. ही भीती हसण्यावारी नेऊ नका. इतर खेळाडूंत ती विनोदाचा विषय असते, पण ज्याला उद्यान रिकामं करायचा आदेश द्यावा लागतो त्याला त्यात विनोद दिसत नाही.

दुसरी भीती तुडवातुडवीची, आणि माझ्या मते सगळ्यांत खरी. डबा तळहाताएवढा असतो, पण शोध तेवढ्याच जागेत होत नाही. समजा, लपवताना तुमच्या फोनचा आकडा ५ मीटरनी चुकला आणि शोधणाऱ्याचाही ५ मीटरनी. मग त्याला १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ पालथं घालावं लागतं. हे क्षेत्र तीनशे चौरस मीटरहून जास्त भरतं. दाट झाडांखाली चूक आणखी वाढते. त्यात डबी अंगठ्याएवढी असेल तर लोक पालापाचोळा उपसतात, दगड उलटे करतात, फांद्या वाकवतात. पन्नास माणसं येऊन गेली की मूळ वाटेपासून डब्यापर्यंत नवी पायवाट पडते आणि पुढे तिच्यावरून खेळाशी संबंध नसलेले लोकही चालू लागतात. माळ्याने दोन वर्षं जपलेला वाफा असा जातो.

तिसरी भीती म्हणजे कुणी पडलं, बुडलं, चावलं गेलं तर? चौथी, वन्यजीवांची : घरट्यांचा हंगाम, ढोलीतले पक्षी, गुहेतली वटवाघळं. पाचवी कुणी बोलून दाखवत नाही, पण ती फाइलच्या प्रत्येक पानावर असते. ‘याला दिलं तर उद्या दहा जण येतील.’ आणि सहावी, जी माळीकाकांनी मला शिकवली : तुम्ही शहर सोडून गेलात की हा डबा कोण उचलणार?

या सहाव्या प्रश्नाचं उत्तर ज्या अर्जात असतं तो अर्ज पुढे सरकतो. निदान माझा अनुभव तसा आहे.

जागा निवडताना

नवख्याची चूक अशी की तो आधी एका जागेच्या प्रेमात पडतो आणि मग तिच्यासाठी भांडतो. उद्यानात फिरून तीन जागा हेरा, तिन्ही बऱ्यापैकी आवडतील अशा. अर्जात तिन्ही द्या. अधिकाऱ्याला ‘हो की नाही’ ठरवण्याऐवजी ‘यांतली कोणती’ हे ठरवायला दिलं तर बोलणं वेगळ्या वाटेने जातं. शिवाय जमिनीखालचा पाइप, पुढच्या महिन्यातलं खोदकाम, साप निघणारा कोपरा या गोष्टी त्यांनाच ठाऊक असतात.

पक्क्या वाटेपासून दोन-तीन पावलांत हात पोचेल अशी जागा घ्या. वर्तुळ पालथं घालायची वेळच येऊ नये, म्हणून जवळ ठळक खूण असावी : एकटं मोठं झाड, तुटका खांब, वेगळ्या आकाराचा खडक. जोडीला सूचना इतकी नेमकी द्या की माणूस थेट तिथेच जाईल. अक्षांश-रेखांश वेगवेगळ्या दिवशी, तीन-चार वेळा घेऊन सरासरी काढा. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशस्थानातला एक आकडा उत्तर-दक्षिण दिशेत १.८५ मीटरचा असतो, तेव्हा शेवटच्या आकड्याचा आळस केला की फटका गवताला बसतो.

फुलांचे वाफे, नुकतीच लावलेली रोपं, झाडाच्या ढोल्या, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती टाळा. भिंतीत कॅश आहे म्हटलं की लोक भिंतच सोडवू लागतात. खेळणी आणि लहान मुलांची जागाही टाळा. तिथे एकटा प्रौढ माणूस घुटमळत राहिला तर आईबापांना काय वाटेल ते सांगायला नको. विजेच्या पेट्या, दिव्याचे खांब, पाण्याचे नळ यांनाही हात लावायला लावू नका.

डबा आणि चिठ्ठी

मापांची नावं ठरलेली आहेत. १०० मिलिलिटरपेक्षा लहान तो मायक्रो, एक लिटरपर्यंत स्मॉल, वीस लिटरपर्यंत रेग्युलर, त्यापुढे लार्ज. उद्यानासाठी मी स्मॉल सुचवेन. मायक्रोमुळे शोधाशोध वाढते आणि रेग्युलर पटकन कुणाच्याही नजरेत येतो. चारही बाजूंनी खटके असलेला, रबरी कडेचा, पारदर्शक डबा घ्या. आत काय आहे ते न उघडता दिसलं की निम्मा संशय गळून पडतो. पीव्हीसी पाइपचे तुकडे, टेपने गुंडाळलेली नळी, वायरी, लष्करी रंगाची पेटी यांचा विचारही नको. दारूगोळ्याची रिकामी पेटी या खेळात लोकप्रिय आहे खरी, पण ती ठेवायचीच तर मूळ लष्करी खुणा पूर्ण झाकाव्या लागतात, आणि सार्वजनिक उद्यानात ते धाडस करू नये.

डब्यावर बाहेरून ‘हा जिओकॅश आहे’ असं मोठ्या अक्षरांत, जीसी क्रमांक, तुमचा संपर्क आणि उद्यान कार्यालयाच्या परवानगीचा क्रमांक लिहा. आत अशाच मजकुराची चिठ्ठी ठेवा. खेळ माहीत नसलेल्या माणसाला ती वाचून दहा सेकंदांत कळलं पाहिजे की हे काय आहे आणि जिथल्या तिथे ठेवायचं आहे. भाषा त्या भागात बोलली जाते ती. सफाई कामगाराला वाचता न येणाऱ्या भाषेतली चिठ्ठी कचऱ्यातच जाते.

अर्ज

आधी एक सावधगिरी. अर्जात नुसतं ‘कॅश’ लिहू नका. माझ्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी खिडकीतल्या लिपिकाने विषय वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, “उद्यानात किती रक्कम ठेवणार?” दर वेळी ‘जिओकॅश’ लिहा आणि पहिल्या उल्लेखालाच ‘लहान डबा’ म्हणा.

अर्ज एका पानाचा असावा. खेळाचा इतिहास, जगभरचे खेळाडू, आरोग्याचे फायदे यांत पान घालवू नका. मी वापरतो तो मसुदा असा :

*प्रति,*
*मा. उद्यान अधीक्षक*

*विषय : उद्यानात जिओकॅशिंग या खेळासाठी एक लहान डबा ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.*

*महोदय,*

*मी या परिसरातील रहिवासी असून जिओकॅशिंग हा खेळ खेळतो. यात लपवलेला लहान डबा मोबाइलच्या साहाय्याने शोधून त्यातील वहीत सही करतात व डबा पुन्हा जागेवर ठेवतात. खेळास शुल्क नाही व यात कोणतीही जाहिरात वा विक्री नाही.*

*आपल्या उद्यानात असा एक डबा ठेवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. तीन संभाव्य जागा सोबतच्या नकाशावर दाखवल्या आहेत. यांपैकी कोणतीही, किंवा आपण सुचवाल ती जागा मला मान्य राहील.*

*याबाबत मी पुढीलप्रमाणे हमी देतो :*

*१. डबा पारदर्शक असेल व त्यावर माझे नाव, संपर्क व आपला परवानगी क्रमांक असेल.*
*२. जमीन खोदली जाणार नाही. झाडे, भिंती व बांधकाम यांना इजा केली जाणार नाही.*
*३. शोध केवळ उद्यानाच्या वेळेतच घ्यावा, अशी सूचना खेळाच्या नोंदीत ठळकपणे दिली जाईल.*
*४. मी दर महिन्यास प्रत्यक्ष पाहणी करीन.*
*५. आपण कळवल्यास ४८ तासांच्या आत डबा काढून घेईन. तातडीच्या प्रसंगी आपले कर्मचारी तो थेट काढू शकतात. त्यास माझी हरकत राहणार नाही.*
*६. मी उपलब्ध नसल्यास डबा काढून घेण्याची जबाबदारी सोबत सही केलेल्या दुसऱ्या व्यक्तीची राहील.*

*परवानगी प्रायोगिक तत्त्वावर सहा महिन्यांसाठी द्यावी. पुढील मुदतीसाठी मी स्वतंत्र अर्ज करीन.*

*आपला विश्वासू,*

*सोबत : जागांचा नकाशा व छायाचित्रे, डब्याचे छायाचित्र, चिठ्ठीचा नमुना.*

‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द मुद्दाम आहेत. कायमचं काही देताना कुणाचाही हात अडखळतो, सहा महिन्यांसाठी अडखळत नाही. ‘दहा जण येतील’ या भीतीवरही तोच तोडगा आहे : आधी एकाचं कसं चालतं ते बघा. आणि सहाव्या कलमातली दुसरी व्यक्ती खरीखुरी असू द्या, जिला डबा नेमका कुठे आहे हे माहीत आहे. नावापुरती सही घेतली तर ते कलम फोल आहे.

डब्याचं छायाचित्र जोडलंत तरी भेटायला जाताना रिकामा डबाही बरोबर न्या. टेबलावर ठेवा. त्यांना उघडून पाहू द्या. बोलण्याने जे होत नाही ते हा डबा हातात आल्यावर होतं, असं मी दोनदा पाहिलंय.

वाट पाहणं

अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का आणि तारखेशिवाय अर्ज दिला नाही असंच धरा. दोन आठवडे थांबा, मग जाऊन विनयाने चौकशी करा. फाइल ‘वर’ गेली असेल तर कुणाकडे गेली ते विचारून घ्या. माझा एक अर्ज चार महिने पडून होता. दोष कुणाच्या विरोधाचा नव्हता. तो कोणत्या विभागाने हाताळायचा हेच ठरत नव्हतं. शेवटी क्रीडा आणि उद्यान या दोन टेबलांमध्ये मीच फाइल पोचवून आलो.

उत्तर न येणं म्हणजे होकार, अशी समजूत खेळाडूंत बरीच आहे. तशी पाटी कुठे लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी गप्प राहणं म्हणजे गप्प राहणंच.

मधल्या काळात एक काम जरूर करा. या खेळात ‘सीटो’ नावाचा प्रकार आहे : खेळाडू जमतात आणि एखाद्या जागेचा कचरा उचलतात. कार्यालयाला विचारून असा एक सकाळचा कार्यक्रम करा. तो जाहीर करायचा असेल तर किमान दोन आठवडे आधी नोंद द्यावी लागते. एकदा पंचवीस पोती कचरा फाटकाशी रचून ठेवलात की ‘हे कोण लोक आहेत’ हा प्रश्न पुन्हा येत नाही. याला कुणी लाच म्हणेल. मी ओळख म्हणतो.

होकार आला

तोंडी होकार आला तर त्याच संध्याकाळी ई-मेल करा : ‘आज आपण अमुक जागेसाठी अमुक अटींवर परवानगी दिलीत, त्याबद्दल आभार. माझ्याकडून काही चुकीचं समजलं असेल तर कृपया कळवावं.’ तेवढ्याने तोंडी शब्द कागदावर येतो.

नोंद पाठवताना रिव्ह्यूअरसाठी वेगळी टीप लिहायची सोय आहे. परवानगी देणाऱ्याचं नाव, पद, तारीख, पत्र क्रमांक तिथे द्या. कॅश जाहीर झाल्यावर ती टीप लोकांना दिसत नाही. अधिकाऱ्याचा फोन क्रमांक जाहीर वर्णनात कधीही टाकू नका, नाहीतर रात्री अकराला कुणीतरी त्यांना ‘डबा सापडत नाही’ म्हणून फोन करेल. वर्णनात एवढंच पुरे : ‘हा कॅश उद्यान कार्यालयाच्या परवानगीने ठेवला आहे. उद्यान सकाळी अमुक ते संध्याकाळी तमुक वेळेत खुलं असतं.’ नोंदीवर वेळेची आणि हंगामाची तयार चिन्हंही लावा. रिव्ह्यूअर पहिली दखल साधारण सात दिवसांत घेतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी स्मरणपत्र नको.

डबा ठेवायला जाल तेव्हा माळी, रक्षक, सफाई कामगार यांना बरोबर नेऊन जागा दाखवा. सगळ्या पाळ्यांच्या लोकांना. साहेबांची सही फाइलमध्ये राहते, पहाटे झाडलोट करणाऱ्या बाईंच्या हातात झाडू असतो.

नकार आला

कारण विचारा, आणि ते कारण लिहून घ्या. जागेला नकार असेल तर दुसरी जागा, डब्याला असेल तर डबा न ठेवता खेळता येणारे प्रकार आहेत. अनेक टप्प्यांच्या कॅशमध्ये उद्यानात फक्त माहिती वाचायचे टप्पे ठेवता येतात : पाटीवरचं साल, पुतळ्याच्या पायऱ्या, पुलाच्या कमानी मोजायच्या आणि त्यातून शेवटच्या डब्याचे आकडे काढायचे. शेवटचा डबा उद्यानाबाहेर, जिथे दुसऱ्या मालकाची परवानगी आहे अशा ठिकाणी. अशा आभासी टप्प्यांना १६१ मीटरची अट लागत नाही.

उद्यानात खडकांचे थर, जुना लाव्हा, झरा असं काही असेल तर अर्थकॅश करा. २००४पासून चालत आलेल्या या प्रकारात डबा नसतोच. माणूस जागेवर जाऊन निरीक्षण करतो, भूशास्त्रावरच्या प्रश्नांची उत्तरं पाठवतो. जमीन सांभाळणाऱ्यांची संमती इथेही घ्यावी, पण ती देताना त्यांना फारशी चिंता नसते. ॲडव्हेंचर लॅब या ॲपमधल्या फेऱ्यांनाही डबा लागत नाही, मात्र त्या तयार करण्याची मुभा सरसकट सगळ्यांना नसते.

आणि नकार सरसकट असेल तर तो माना. गुपचूप ठेवलेल्या एका डब्यामुळे ‘आमच्या उद्यानात हे नकोच’ असं परिपत्रक निघतं आणि पुढच्या सगळ्यांचं दार बंद होतं.

नंतरची वर्षं

महिन्यातून एकदा जा. वही ओली असेल तर बदला, डबा सरकला असेल तर मूळ जागी ठेवा, आणि मुख्य म्हणजे पायवाट पडतेय का ते बघा. पडत असेल तर कॅश तात्पुरता बंद करा, गवत वाढू द्या, किंवा जागा बदलायची विनंती करा. कार्यालयाने सांगण्याआधी तुम्हीच सांगितलंत तर नूतनीकरण सोपं जातं. शोधकांनी डब्याच्या मालकाचं, म्हणजे तुमचं, लक्ष हवं म्हणून नोंद टाकली तर ती पडून राहू देऊ नका. बंद ठेवलेल्या कॅशकडे महिनाभर फिरकला नाहीत तर रिव्ह्यूअर तो कायमचा मिटवू शकतो.

अधिकारी बदलतात. नव्या अधिकाऱ्यांना आधीच्या परवानगीची प्रत घेऊन भेटा, नाहीतर एखाद्या सकाळी ‘हे कुणी दिलं?’ असा प्रश्न पुन्हा माळ्यालाच विचारला जाईल. मुदत संपायच्या महिनाभर आधी अर्ज करा.

थांबायचं ठरवलंत तर आधी संकेतस्थळावर कॅश बंद करा, मग त्याच दिवशी डबा उचला. बंद करूनही डबा तिथेच राहिला तर तो कचराच. रिकाम्या जागेचं छायाचित्र काढा आणि कार्यालयाला दोन ओळी पाठवा : ‘परवानगी क्रमांक अमुक अन्वये ठेवलेला डबा आज काढून घेतला आहे. जागा पूर्ववत केली आहे, छायाचित्र सोबत जोडले आहे.’ निघताना पाइप गुंडाळणारे काका भेटले तर त्यांनाही सांगून जा.